मदत हवी आहे: पालघर लोकसभा मतदारसंघाची वाडा तालुक्यातील हद्द नेमकी कशी वाचावी?

नमस्कार. मतदारसंघ पुनर्रचना किंवा महसुली नोंदी यांची माहिती असलेल्या सदस्यांकडून मला एका नेमक्या मुद्द्यावर मार्गदर्शन हवे आहे.

न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००१ च्या जनगणनेच्या आधारे केलेली पुनर्रचना २००८ मध्ये लागू झाली. तेव्हा जुना डहाणू लोकसभा मतदारसंघ संपुष्टात आला आणि अनुसूचित जमातींसाठी राखीव असा पालघर मतदारसंघ नव्याने अस्तित्वात आला. डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर, नालासोपारा आणि वसई हे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात येतात, आणि २००९ मध्ये तेथे पहिली निवडणूक झाली. पूर्वी उत्तर मुंबईला जोडलेली वसई या नव्या मतदारसंघात आली, हे रेल्वेने रोज मुंबईला जाणाऱ्यांनाही सहज कळले. वाडा तालुक्याचे जे झाले ते मात्र आजही अनेकांना समजावून सांगावे लागते.

वाडा हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ त्याच पुनर्रचनेत गेला आणि तालुका विक्रमगड, भिवंडी ग्रामीण व शहापूर अशा तीन मतदारसंघांत विभागला गेला. विधानसभा मतदारसंघ सबंधच एका लोकसभा मतदारसंघात ठेवावा लागत असल्यामुळे विक्रमगडमधील गावे पालघरमध्ये राहिली, तर उरलेली भिवंडीत गेली. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि संपूर्ण वाडा तालुका त्यात आला. त्यामुळे आमच्या मतदारयादीच्या पहिल्या पानावर जिल्हा पालघर, विधानसभा भिवंडी ग्रामीण आणि लोकसभा भिवंडी असा मजकूर एकाखाली एक दिसतो. विधानसभेची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आणि लोकसभेची सर्वसाधारण, हेही त्याच मतदाराच्या वाट्याला येते. आदिवासी वस्तीच्या गावांसाठी ही गोष्ट लहान नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

जिल्हा बदलला म्हणून मतदारसंघाची हद्द आपोआप बदलत नाही, हे मला माहीत आहे. परिसीमन अधिनियम, २००२ (मतदारसंघ पुनर्रचनेचा कायदा) यानुसार निवडणूक आयोग छपाईच्या चुका दुरुस्त करू शकतो, जिल्ह्याचे किंवा तालुक्याचे बदललेले नाव नोंदवू शकतो, पण त्या अधिकारात हद्द हलवू शकत नाही. माझी अडचण त्याच्या पुढची आहे. विभागलेल्या तालुक्याचे वर्णन पुनर्रचनेच्या आदेशात गावनिहाय नसून महसूल मंडळांच्या (तालुक्यातील गावांच्या महसुली गटांच्या) नावांनी केलेले असते. मग एखाद्या मंडळाची नंतर फेररचना झाली आणि काही गावे शेजारच्या मंडळात गेली, तर आदेशातील मंडळ म्हणजे तेव्हाचे मंडळ असेच समजायचे ना? तसे असल्यास त्या वेळच्या मंडळांतील गावांची अधिकृत यादी तहसील कार्यालयाच्या अभिलेखात मिळेल, की जिल्हा विभाजनानंतर ती ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात मागावी लागेल? माहिती अधिकाराचा अर्ज कोणत्या शाखेच्या नावे करावा, हे अनुभवातून कोणी सांगितले तर फार उपकार होतील.

ही यादी मला ग्रामसभेपुढे ठेवायची आहे. मतदारसंघ आखताना भौगोलिक सलगता, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी, असे अधिनियमाच्या कलम ९ मध्ये म्हटले आहे. पुढील पुनर्रचनेचा मसुदा येईल तेव्हा याच निकषांवर, तालुका एका लोकसभा मतदारसंघात ठेवावा, अशी हरकत गावांनी वेळेत नोंदवावी, असे मला वाटते. गेल्या वेळी मसुद्यावर हरकत घेतलेल्या किंवा पुनर्रचना आयोगाच्या जाहीर सुनावणीला हजर राहिलेल्या कोणाला निवेदनासोबत कोणती कागदपत्रे जोडली होती हे आठवत असेल, तर तेही कृपया सविस्तर लिहावे. नकाशा आवश्यक होता, की गावांची यादी आणि ग्रामसभेचा ठराव पुरेसा ठरला?