बर्मिंगहॅम: कर १८ टक्क्यांनी वाढला, वाचनालयाचे दिवस घटले. हे बिल नक्की कशाचं?

मोझलीकर

काउन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या घरपट्टीचं, यंदाचं बिल आलं. जेवणाच्या टेबलावर मागच्या दोन वर्षांची बिलं काढून त्याच्या शेजारी मांडली. २०२४-२५ ला ९.९९ टक्के वाढ, २०२५-२६ ला ७.४९ टक्के. वाढीवर वाढ धरली की दोन वर्षांत १८ टक्क्यांच्या वर जाते. इंग्लंडमध्ये साधारण ५ टक्क्यांपुढे कर न्यायचा तर लोकांचं मत घ्यावं लागतं. इथे सरकारनं खास परवानगी दिली, त्यामुळे आम्हाला कुणी विचारलं नाही.

भारतातल्या वाचकांसाठी पार्श्वभूमी थोडक्यात. ११ लाखांवर वस्तीच्या या शहराच्या काउन्सिलनं (म्हणजे महापालिकेनं) ५ सप्टेंबर २०२३ ला कलम ११४ ची नोटीस काढली. 'कायद्यानं बांधलेली कामं सोडून नवा खर्च करणार नाही, हातात पैसा नाही' अशी ती जाहीर कबुली असते. कारणं दोन सांगितली गेली. पहिलं, स्त्री कर्मचाऱ्यांच्या समान वेतनाची थकबाकी, ६५ ते ७६ कोटी पौंड. दुसरं, एप्रिल २०२२ ला सुरू केलेली ओरॅकल कंपनीची हिशेबाची संगणक प्रणाली. तिचा पहिला अंदाज २ कोटी पौंडांच्या आसपास होता, तो १० कोटींच्या पुढे गेला, आणि कित्येक महिने काउन्सिलला स्वतःच्याच बँक खात्याचा मेळ लागेना. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारनं वरून आयुक्त नेमले. मग दोन वर्षांत मिळून ३० कोटी पौंडांची कपात ठरली. रस्त्यावरचे दिवे मंद करायचे, वाचनालयांचे तास कमी करायचे, युवक सेवा आखडायच्या. रेपर्टरी थिएटर, सिम्फनी ऑर्केस्ट्रा, आयकॉन गॅलरी यांचं अनुदान पहिल्या वर्षी निम्मं, दुसऱ्या वर्षी शून्य.

कर वाढवायला माझी ना नाही, हे आधीच सांगतो. याच शहरात जोसेफ चेंबरलेन १८७३ ते १८७६ महापौर होते. त्यांनी गॅस कंपन्या आणि पाणीपुरवठा शहराच्या मालकीचा केला, कर्ज काढून केला, आणि गॅसचा नफा शहरात परत ओतला. लोकांनी पैसा दिला आणि त्याबदल्यात काहीतरी उभं राहिलं. आज मी जास्त देतो आणि माझ्या मुलीच्या वाचनालयाच्या दारावर आठवड्याचे कमी दिवस लिहिलेले असतात. जुन्या चुकांचं देणं लांब मुदतीच्या कर्जातून फेडावं. ते रोजच्या सेवांच्या मुंडीवर पाय देऊन आणि शहराच्या जागा विकून वसूल करू नये. काउन्सिलला सुमारे सव्वा अब्ज पौंडांची जी 'खास मदत' मिळाली, ती बहुतांशी मालमत्ता विकून आलेला पैसा रोजच्या खर्चात घालण्याची मुभा आहे. उधारी भागवायला शेत विकलं तर पुढच्या वर्षी पेरायचं कुठे?

दवबिंदू

मोझलीकर, तुमच्या मुलीच्या वाचनालयाचं मलाही वाईट वाटतं. पण 'जुन्या चुका' हा शब्द तुम्ही फार सहज वापरलात.

मी गेली अकरा वर्षं वृद्धांच्या देखभालीचं काम करते. या काउन्सिलची नोकर नाही, दुसरीकडे आहे, पण काम तेच. सकाळी सातला पहिलं घर. नव्वदीच्या आजींना होइस्टमध्ये (माणसाला उचलायच्या यंत्रात) बसवायचं, पट्टा काखेतून नीट गेलाय का ते दोनदा बघायचं, कारण पट्टा सरकला तर त्यांची कातडी सोलते. मग अंघोळ, गोळ्या, वहीत नोंद, आणि पुढच्या घराकडे धाव. हे 'हलकं काम' म्हणून मोजलं जात होतं. त्याच काउन्सिलमध्ये त्याच श्रेणीतल्या पुरुषांना, म्हणजे कचरा उचलणाऱ्यांना आणि रस्ते झाडणाऱ्यांना, वर बोनस मिळायचा. स्वयंपाकिणी, सफाईवाल्या, देखभाल करणाऱ्या बायकांना नाही. बायका २०१० ला लवादात जिंकल्या. २०१२ ला सुप्रीम कोर्टात काउन्सिल पुन्हा हरली. तेव्हापासून १ अब्ज पौंडांहून जास्त भरपाई दिली गेली आणि तरीही नवे दावे उभे राहिले, कारण असमानता वेगळ्या नावानं चालूच राहिली.

म्हणजे कित्येक वर्षं शहरानं आपल्या सेवा या बायकांच्या कमी पगारावर स्वस्तात घेतल्या. तुमचा-माझा कर तेव्हा कमी होता तो त्यांच्या खिशातून. आता ते पैसे परत करायची वेळ आली तर 'लांब मुदतीनं देऊ' म्हणायचं? त्यातल्या कितीतरी बायका आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडे लांब मुदत नाही.

हिशेबनीस

मी इंग्लंडमधल्याच दुसऱ्या एका काउन्सिलच्या अर्थविभागात काम करतो, म्हणून दोघांनाही थोडं अडवतो.

समान वेतन आणि ओरॅकल ही खरी कारणं आहेत, पण घर आधीच पोखरलेलं होतं. काउन्सिलच्या म्हणण्याप्रमाणे २०१० पासून १ अब्ज पौंडांहून जास्त कपात तिला करावी लागली, कारण केंद्राचं अनुदान आटत गेलं. अनुदान आटलं की भार काउन्सिल टॅक्सवर येतो, आणि हा करच वाकडा आहे. घराची किंमत आजही एप्रिल १९९१ ची धरतात. ए ते एच असे किमतीचे आठ गट, म्हणजे बँड. सगळ्यात वरच्या एच बँडचा कर सगळ्यात खालच्या ‘ए’ बँडच्या फक्त तिप्पट, मग घरांच्या किमतीत वीसपट फरक का असेना. बर्मिंगहॅममधली निम्म्याहून जास्त घरं ए आणि बी बँडमध्ये आहेत. तिथे १० टक्के वाढ केली तरी तिजोरीत कमी पडतं, आणि तीच वाढ दक्षिणेतल्या श्रीमंत परगण्यात केली तर कितीतरी जास्त पडतं. गरीब शहराला कर वाढवून सावरता येत नाही, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे.

आणखी एक. ७६ कोटींचा आकडा फुगलेला होता, नीट तपासल्याशिवाय जाहीर केला, असा आक्षेप लेखापरीक्षणाच्या काही अभ्यासकांनी घेतला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जीएमबी आणि युनिसन या कामगार संघटनांशी सुमारे ६००० दाव्यांवर तडजोडीची बोलणी पक्की झाली. दवबिंदू, या बायकांना पैसे मिळायलाच हवेत, त्यात माझं दुमत नाही. पण एका मोठ्या अंदाजाच्या धाकानं दोन वर्षांची कपात मंजूर करून घेतली गेली का, हे विचारायला हवं. बंद केलेलं युवक केंद्र आकडा खाली आला म्हणून उघडत नाही.

दवबिंदू

हे पटलं. आकडा तपासा, पण आकड्यावर शंका आहे म्हणून दावा लांबवू नका, एवढंच म्हणेन.

सॉलीहलचा प्रवासी

मी शेजारच्या सॉलीहलमध्ये राहतो. सगळ्यांचा सूर 'आणखी पैसा हवा' असा आहे. माझं म्हणणं साधं आहे. काउन्सिलनं जमत नाही ती कामं सोडावीत. थिएटरला अनुदान कशाला? ज्याला नाटक बघायचं तो तिकीट काढेल. रिकाम्या इमारती विकल्या तर बिघडलं काय? घरात पैसे नसले की आपण काय करतो? खर्च कमी करतो.

मोझलीकर

घरात पैसे नसले तर आपण आजीचं औषध बंद करत नाही. काउन्सिलचंही तसंच आहे. वृद्धांची आणि मुलांची देखभाल कायद्यानं बांधलेली, बजेटातला सर्वांत मोठा वाटा तोच, आणि तो दरवर्षी वाढतो. राहिलेल्या छोट्या तुकड्यातून सगळी कपात करायची. म्हणून ती थिएटर, वाचनालय, पोरांचे क्लब यांवरच पडते. रक्कम लहान असते, पण तेवढ्यात ती सेवाच संपते. आणि युवक सेवा आज बंद केली की काही वर्षांनी तीच मुलं कायद्यानं बांधलेल्या खर्चाच्या बाजूला येऊन उभी राहतात.

दवबिंदू, तुमच्या पहिल्या प्रतिसादानंतर मी बराच वेळ काही लिहिलं नाही. 'जुन्या चुका' हा शब्द मागे घेतो. ते वेतन होतं, न दिलेलं. मात्र ते आजच्या दहा वर्षांच्या मुलांच्या सेवांतून द्यावं, हे मला अजून पटत नाही. कोर्टानं ठरवलेलं देणं बायकांना तत्काळ द्यावं, आणि त्यासाठीचं कर्ज सरकारनं स्वस्त व्याजानं ३० वर्षांसाठी द्यावं, एवढं तर जमू शकतं.

कोथरूडकर

पुण्यातून लिहितो. तुमच्या धाग्यातली एक गोष्ट मला हेवा वाटण्यासारखी वाटली: तिथे पैसे संपले की अधिकाऱ्याला तसं लिहून द्यावं लागतं. आमच्याकडे पैसे संपत नाहीत, कामं संपतात. रस्ता अर्धा होतो आणि वर्ष उलटतं.

२०१३ ला पुण्यातली जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला. २०१५ ला बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटी गेला, २०१७ ला जीएसटी आला. महापालिकेचा स्वतःचा मोठा कर गेला आणि त्या जागी राज्याकडून येणारं अनुदान आलं. हाती उरला मिळकतकर. तो वाढवायची हिंमत कुणी करत नाही. २०२१-२२ साठी प्रशासनानं ११ टक्के वाढ सुचवली होती, स्थायी समितीनं ती फेटाळली आणि अंदाजपत्रकाचा आकडा मात्र आणखी फुगवला. राहत्या घराला १९७० पासून ४० टक्के सवलत आहे. मधे ती सरकारनं काढली, २०२३ ला परत दिली. मीही ती घेतो, पीटी-३ अर्ज भरून. पण मनातून वाटतं, की थोडा जास्त कर द्यावा आणि हक्कानं हिशेब मागावा. म्हणून मोझलीकर, मी तुमच्या विरुद्ध बाजूला आहे. १८ टक्के वाढ करून ती बिलावर छापणारं काउन्सिल मला 'करवाढ नाही' असं दरवर्षी सांगणाऱ्या महापालिकेपेक्षा प्रामाणिक वाटतं.

हिशेबनीस

कोथरूडकर, मुद्दा चांगला, पण प्रामाणिकपणा उशिरा आला. नोटीस २०२३ ची, असमानता त्याच्या कितीतरी आधीची.

आणि ती अजून संपलेली नाही, हे कचऱ्यावरून दिसतं. ११ मार्च २०२५ पासून कचरा कामगार बेमुदत संपावर गेले. ३१ मार्चला काउन्सिलनं 'मोठी आपत्ती' जाहीर केली, तेव्हा सुमारे १७,००० टन कचरा रस्त्यांवर होता. मूळ वाद एका पदाचा. गाडीमागे काम करणाऱ्या एका खास पदाला जास्त पगार होता. काउन्सिल म्हणते, हे पद ठेवलं तर बायकांचे नवे समान वेतनाचे दावे येतील, म्हणून ते रद्द. युनाइट ही संघटना म्हणते, यात सुमारे १७० माणसांचं वर्षाला ८००० पौंडांपर्यंत नुकसान आहे. काउन्सिल म्हणते, एवढं नुकसान होणारे फार थोडे.

सॉलीहलचा प्रवासी

म्हणजे बायकांना न्याय द्यायचा म्हणून पुरुषांचा पगार कापायचा. दवबिंदू, हे तुम्हाला मान्य आहे?

दवबिंदू

नाही. अजिबात नाही.

आम्ही कधी म्हटलं नाही की त्यांचा पगार खाली आणा. आम्ही म्हटलं, आमचा वर न्या. समान करायचं तर वरच्या पातळीला करायचं. ते महाग पडतं म्हणून काउन्सिल खालच्या पातळीला समान करते आणि वर आमचं नाव पुढे करते. पहाटे पाचला थंडीत गाडीमागे धावणाऱ्या माणसाचा गुडघाही माझ्या कमरेइतकाच जातो. मी त्याच्याविरुद्ध नाही. त्यालाही कुणीतरी सांगावं, की मी त्याच्याविरुद्ध नाही.

मोझलीकर

हे मी कधी असं जोडून पाहिलं नव्हतं. कचऱ्याचा संप आणि समान वेतन या माझ्या डोक्यात दोन वेगळ्या बातम्या होत्या.

नवी_आलेली

मधे बोलते, माफ करा. मी दोन महिन्यांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले. वाचून घाबरले आहे. भाड्याच्या घराचाही हा कर आपणच भरायचा का? दहा हप्त्यांत जमत नाहीये.

हिशेबनीस

बहुतेक वेळा हो, राहणाऱ्यानेच भरायचा. दहाऐवजी बारा हप्ते मागण्याचा हक्क तुम्हाला आहे, काउन्सिलला लेखी कळवा. घरात एकच प्रौढ असेल तर २५ टक्के सूट मिळते. उत्पन्न कमी असेल तर काउन्सिल टॅक्स सपोर्टचा वेगळा अर्ज असतो, पण नवऱ्याच्या व्हिसावर 'सरकारी निधी नाही' अशी अट असेल तर तो करण्याआधी सल्ला घ्या. आणि बिलावरचा बँड शेजारच्या तशाच घराशी ताडून पहा, चुकीचा असेल तर तक्रार करता येते.

दवबिंदू

आणि ताई, मोझली-किंग्ज हीथच्या बाजूला असाल तर मला संदेश करा. शनिवारी मला सुट्टी असते, बिल घेऊन या, शेजारी बसून भरू.