खासदाराला चेंबरवरून तोलायचं का? मधु लिमयांच्या निमित्ताने

कर्वेरोडकर
रविवारी सोसायटीच्या सभेत विषय निघाला: आपल्या खासदाराने काय केलं? ड्रेनेजचं चेंबर तुंबतं, चौकातला दिवा बंद, टँकर उशिरा येतो, सगळी चर्चा यावरच. लोकसभेत कोणते प्रश्न विचारले, कोणत्या विधेयकावर बोलले, हे एकानेही विचारलं नाही. मला फार लागलं ते. खासदारकीचं माप म्हणून मी ज्यांच्याकडे बघतो, ते समाजवादी नेते मधु लिमये याच पुण्यात १ मे १९२२ ला जन्मले, फर्ग्युसनमध्ये शिकले. १९५५ मध्ये गोवा सत्याग्रहात उतरले. पोर्तुगीज लष्करी न्यायालयाने बारा वर्षांची शिक्षा ठोठावली, १९५७ मध्ये सुटका झाली. १९६४ च्या पोटनिवडणुकीत बिहारमधल्या मुंगेरने त्यांना लोकसभेत पाठवलं. तिथे नियमांची पुस्तिका हेच त्यांचं हत्यार होतं. हरकतीचा मुद्दा त्यांनी काढला की मंत्री कागद चाळायला लागत.

आणीबाणीत ते तुरुंगात होते. मार्च १९७१ मध्ये निवडलेल्या लोकसभेची पाच वर्षं मार्च १९७६ मध्ये भरत होती, सरकारने मुदत एका वर्षाने वाढवली. लिमये आणि जबलपूरचे शरद यादव यांनी राजीनामे दिले. लोकांनी पाच वर्षांसाठी निवडलं, सहावं वर्ष घ्यायचा हक्क नाही, एवढी साधी भूमिका. पुढे खासदारकीचं निवृत्तिवेतनही घेतलं नाही. चेंबरला नगरसेवक आहेत. खासदाराला सभागृहातल्या कामावरून तोला.

पेठेतला
राजीनाम्याबद्दल आदर आहेच. पण पुढचं का गाळलंत? १९७७ मध्ये एवढ्या हालअपेष्टांनंतर जनता सरकार आलं. लिमये पक्षाचे सरचिटणीस. त्यांनी दुहेरी सदस्यत्वाचा वाद लावून धरला: जनता पक्षात राहायचं तर जनसंघातून आलेल्यांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी नातं तोडायचं. जुलै १९७९ मध्ये मोरारजींना जावं लागलं. त्यांच्या जागी पंतप्रधान झालेले चरणसिंग एकदाही लोकसभेला सामोरे गेले नाहीत आणि जानेवारी १९८० मध्ये इंदिराबाई परत. माझे वडील आणीबाणीत येरवड्याच्या तुरुंगात होते. लोकांनी दिलेलं सरकार यांनी अडीच वर्षांत घालवलं, हे ते शेवटपर्यंत विसरले नाहीत.

कर्वेरोडकर
तुमच्या वडिलांचं दुःख खरं आहे, त्यावर वाद घालणार नाही. पण सगळा भार एकट्या लिमयांवर नको. मोरारजी, चरणसिंग आणि जगजीवनराम तिघांनाही पंतप्रधान व्हायचं होतं, ती भांडणं पहिल्या दिवसापासूनची. शिवाय बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने लोकसभेची मुदत सहा वर्षं केली होती, ती पुन्हा पाच झाली ती याच लोकसभेने १९७८ मध्ये मंजूर केलेल्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने. ते काम वाया गेलं नाही.

पेठेतला
दुरुस्ती टिकली, मान्य. सरकार टिकलं नाही. एकत्र राहण्यासाठी थोडं गिळावं लागतं, ते त्यांना जमलं नाही. माझ्या लेखी हा खासदार म्हणूनही दोषच.

मुठाकाठ
सुरुवातीच्या पोस्टमधली एक गोष्ट खटकली. लिमयांना मुंगेरने पाठवलं, पण म्हणून पुण्याने अशी माणसं पाठवलीच नाहीत असा सूर नको. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ना. ग. गोरे इथूनच गेले, गोवा सत्याग्रहाच्या पहिल्या तुकडीचे नेते. १९६७ ला एस. एम. जोशी. १९७१ ला मोहन धारिया, काँग्रेसचे. सरकारविरुद्ध आंदोलन करणाऱ्या जयप्रकाश नारायणांशी बोला असं उघड म्हणाले म्हणून मार्च १९७५ मध्ये त्यांचं मंत्रिपद गेलं. तरी १९७७ ला पुण्याने त्यांनाच निवडलं, जनता पक्षाकडून. भूमिका घेणाऱ्याला हे शहर मत देतं.

कोथरूडची_ताई
दादा, तुम्ही म्हणता चेंबरला नगरसेवक आहेत. कुठे होते? मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि कित्येक वर्षं प्रशासकच कारभार बघत होते. २९ मार्च २०२३ ला गिरीश बापट गेले, त्यानंतर जून २०२४ पर्यंत पुण्याला खासदारही नव्हता. उच्च न्यायालयाने पोटनिवडणूक घ्या म्हणून सांगितलं, तरी झाली नाही. आमच्या इमारतीत पावसाळ्यात तळमजल्यावर मैलापाणी शिरतं. तिथल्या आजी खाटेवर पाय घेऊन बसतात. त्यांनी दार कुणाचं ठोठवायचं? जो निवडून आलाय त्याचंच ना?

कर्वेरोडकर
ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. नगरसेवक नव्हते, हे लिहिताना माझ्या ध्यानातच आलं नाही. पण ज्या चौदा महिन्यांत खासदार नव्हता, तेव्हा पुण्याच्या वतीने प्रश्नोत्तराच्या तासाला उभं कोण राहिलं? ती उणीव कुणाला जाणवलीसुद्धा नाही, याचंच मला दुःख आहे.

मुठाकाठ
ताईंचं मैलापाणी आणि तुमचा प्रश्नोत्तराचा तास इतके लांब नाहीत. जायका या जपानी संस्थेच्या कर्जातून होणारा नदीशुद्धीकरणाचा प्रकल्प घ्या. जपानशी कर्जाचा करार जानेवारी २०१६ चा, प्रकल्प ९९० कोटींचा, बहुतेक पैसा केंद्राकडून येणारा. मैलापाणी शुद्ध करायची केंद्रं ठरलेल्या मुदतीत झाली नाहीत. हे लोकसभेत विचारायचं, आणि तारीख घेतल्याशिवाय खाली बसायचं नाही. लिमये तेच करत.

पेठेतला
इथे मी तुमच्या बाजूने. प्रश्न लिहिणार असाल तर सही करतो.

कोथरूडची_ताई
लिहा. चेंबरची तक्रार मी उद्या क्षेत्रीय कार्यालयात देते. खासदारांना द्यायच्या पत्रात आजींच्या तळमजल्याचा उल्लेख मात्र हवा, नुसते कोटी नकोत.