फक्त ब्लॅक अँड व्हाइट काढणारा कॅमेरा घ्यावा का?

सराफ्यातला_उल्लू:
मंडळी एक येडा प्रश्न. मी इंदूरचा, रात्री सराफा (इथली खाऊगल्ली), राजवाडा असं हिंडत फोटो काढतो आणि दहातले नऊ घरी येऊन ब्लॅक अँड व्हाइटच करतो. ओळखीतले एक काका त्यांचा पेंटॅक्स के-३ मार्क ३ मोनोक्रोम विकतायत. बायको म्हणते रंगीत कॅमेऱ्यातून रंग उडवता येतात ना, मग रंगच नसलेल्याला पैसे कशाला. मला उत्तर देता आलं नाही.

डार्करूमवाला:
वहिनींचा मुद्दा रास्त आहे पण रंग नंतर उडवणं वेगळं आणि मुळात न घेणं वेगळं. नेहमीच्या सेन्सरवर प्रत्येक पिक्सेलच्या डोक्यावर लाल, हिरवा नाहीतर निळा फिल्टर असतो, अर्धे हिरवे, पाव लाल, पाव निळे, कोडॅकच्या ब्राइस बायरचं १९७६ चं पेटंट. म्हणजे प्रत्येक पिक्सेल एकच रंग बघतो आणि बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात, वर तो फिल्टर बराच उजेड खातो. तो काढला की अंदाजपंचे बंद, आणि साधारण एक स्टॉप तरी, म्हणजे दुप्पट, उजेड जास्त. सराफ्यात तर जाणवेलच, पिवळ्या बल्बखाली निळ्या पिक्सेलांच्या वाट्याला काही येतच नाही, रंगीतमधला घाण नॉइज (फोटोतले दाणे) बराचसा तिथलाच.

कंजूस_क्लिक:
ते ठीक, पण रंगीत रॉमध्ये (सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये) आकाश काळं करायचं, चेहरा उजळायचा, सगळं घरी बसून स्लायडरवर होतं. इथे ते विसरा, लेन्सवर पिवळा-केशरी-लाल फिल्टर लावत बसा, आणि गडद लाल लावला की वाचवलेला स्टॉप गेला, वर आणखी एकदोन गेले. लायकाने २०१२ ला त्यांचा पहिला मोनोक्रोम आणला तेव्हापासून ऐकतोय, टोन (करड्या छटा) बघा टोन. मोबाइलवर कोणाला दिसतो टोन??

छत्रीवाला:
भिया टोन सोड, आधी हायलाइट, म्हणजे फोटोतले सगळ्यात उजळ भाग, सांभाळ. माझ्याकडे हाच कॅमेरा आहे. पहिल्याच आठवड्यात कृष्णपुरा छत्रीवर सकाळी गेलो आणि अर्धं आकाश पांढरंफटक. रंगीतमध्ये लाल-हिरवा-निळ्यातला एक चॅनेल जळला तरी दुसऱ्यात थोडंफार उरतं, सॉफ्टवेअर ठिगळ लावतं, इथे गेलं म्हणजे गेलंच. आता एक स्टॉप कमीच ठेवतो आणि सावल्या नंतर उचलतो, त्या मस्त उचलल्या जातात. बाकी जुन्या काळचे नामवंत फोटोग्राफर राजा दीनदयाळ आपल्या इंदूरातच फोटोग्राफी शिकले, १८७४ च्या सुमारास, तेव्हाच्या काचेच्या प्लेटला निळाच उजेड दिसायचा आणि आकाश कायम पांढरं. त्यांचं काही अडलं नाही म्हणून मीही स्वतःची समजूत काढतो 😄

सराफ्यातला_उल्लू:
काल काकांचा कॅमेरा रात्रभरासाठी मागून आणला. जलेबीच्या कढईवरचा धूर आणि मागे बंद दुकानांची शटरं, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० इतका चढवूनही इतकं स्वच्छ मला कधीच मिळालं नव्हतं, दाणे दिसतात पण फिल्मसारखे. बायकोला प्रिंट दाखवली. म्हणाली छान आहे, पण जलेबीचा केशरी रंग कुठे गेला. काकांना रविवारपर्यंत थांबा म्हटलंय.