मदत हवी आहे : टीएनएफ-अल्फा देऊनही हेला पेशी मरत नाहीत

सहा खान्यांची प्लेट, हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवतात त्या मानवी कर्करोगपेशी) साधारण ७० टक्के भरलेल्या. टीएनएफ-अल्फा (दाहाचा निरोप देणारं प्रथिन) प्रति मिली २० नॅनोग्रॅम, २४ तास. पेशी चिकटलेल्याच, आणि वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) कापलेल्या, म्हणजे सक्रिय झालेल्या कॅस्पेज-३ ची (पेशीमृत्यू घडवणारं विकर) पट्टी नाही. मात्रा १०० वर नेली तरी तेच. टीएनएफआर-१ ला (टीएनएफचा पेशीवरचा रिसेप्टर) तर मृत्यू-रिसेप्टर म्हणतात ना? टीएनएफ खराब झालं असेल का?

प्रतिसाद १

आधी टीएनएफ तपासून घ्या. ते दिल्यावर १५ आणि ६० मिनिटांनी पेशी फोडा आणि आयकप्पाबी-अल्फाचा (एनएफ-कप्पा-बीला रोखून धरणारं प्रथिन, टीएनएफचा निरोप पोचला की मोडतं) ब्लॉट करा. १५ ला पट्टी जवळजवळ गायब आणि ६० ला परत आलेली दिसली, तर टीएनएफ आणि रिसेप्टर दोन्ही ठीक आहेत.

तसं असेल तर जे दिसतंय ते अपेक्षितच आहे. टीएनएफआर-१ चा पहिला निरोप जगण्याचा असतो. पडद्याला लागून ट्रॅड, रिपके-१, ट्राफ-२ आणि सीआयएपी ही प्रथिनं जमतात, रिपके-१ वर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाच्या साखळ्या चढतात, एनएफ-कप्पा-बी (जनुकं चालू करणारं प्रथिन) केंद्रकात शिरतं आणि सी-फ्लिप हे प्रथिन तयार होऊ लागतं. मृत्यूची सुरुवात करणाऱ्या कॅस्पेज-८ चा संच पेशीद्रवात जुळतो तो त्यानंतर, आणि सी-फ्लिप त्याला अडवून धरतं. मात्रा वाढवून हा अडसर निघत नाही.

सी-फ्लिप फार टिकत नाही, त्यामुळे नवं बनणं थांबवलं की पुरतं. सायक्लोहेक्झिमाइड (प्रथिनं बनणं थांबवणारं रसायन) प्रति मिली १० मायक्रोग्रॅम, टीएनएफच्या अर्धा तास आधी. ४ ते ६ तासांत पेशी आक्रसून पडद्यावर फुगे दिसायला हवेत. नुसतं सायक्लोहेक्झिमाइड दिलेला खाना हवाच. २४ तास ठेवलंत तर ते एकटंही पेशी मारतं आणि निष्कर्षच काढता येत नाही. वरची आयकप्पाबीची चाचणी मात्र त्याच्याशिवाय करा, नाहीतर पट्टी परत येणारच नाही.

प्रतिसाद २

वरच्याला जोडून : धुताना माध्यम ओतून देऊ नका. मेलेल्या पेशी त्यातच तरंगत असतात. ३०० जी वर ५ मिनिटं फिरवा आणि तळाचा साका चिकटलेल्या पेशींबरोबरच फोडा. त्याच ब्लॉटवर पार्प (कॅस्पेज-३ कापतं ते प्रथिन) बघा, ११६ ची पट्टी ८९ किलोडाल्टनवर उतरते.

मरण कॅस्पेजमुळेच आहे का हे पाहायला झेडव्हॅड (कॅस्पेज रोखणारं रसायन) २० मायक्रोमोलर, तासभर आधी. हेलामध्ये रिपके-३ (नेक्रॉप्टोसिस, म्हणजे कॅस्पेजशिवायच्या मरणाला लागणारं प्रथिन) जवळपास नसतं, म्हणून तिथे मरण थांबेल. एचटी-२९ वर (आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी) हाच प्रयोग केलात तर झेडव्हॅड असूनही पेशी नेक्रॉप्टोसिसने मरू शकतात; तेव्हा फॉस्फो-एमएलकेएल (नेक्रॉप्टोसिसची खूण असलेलं प्रथिन) बघा.