०-८, ०-३, ०-५ : यजमान म्हणून आपल्या मुलींना वर्ल्ड कपमध्ये उतरवणं बरोबर होतं का?

राइटबॅक_कळवा (धागाकर्ता)

सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल ८ नोव्हेंबर २०२५ ला मोरोक्कोत, रबातला झाली. उत्तर कोरियाने नेदरलँड्सला ३-० ने हरवलं. मॅच बघताना माझं अर्धं लक्ष नवी मुंबईतल्या नेरूळला होतं. त्याच्या तीन वर्षं आधी, ३० ऑक्टोबर २०२२ ला, याच स्पर्धेची फायनल तिथल्या आपल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली होती. स्पेन विरुद्ध कोलंबिया. मी शनिवार-रविवार कळव्यात मुलींना फुटबॉल शिकवतो. त्या दिवशी अकरा जणींना घेऊन ठाण्याला गाडी बदलून नेरूळला उतरलो. पालकांच्या चिठ्ठ्या, पाण्याच्या बाटल्या, पोळीभाजीचे डबे, रात्री परतताना कोणाला कुठे सोडायचं याची यादी, सगळं बरोबर.

कोलंबियाची लिंडा कायसेडो डाव्या बाजूने खेळत होती. पास आला की ती बॉल थांबवायचीच नाही. पहिल्याच स्पर्शात तो पुढच्या मोकळ्या जागेत ढकलायचा आणि डिफेंडरला मागे टाकून पळायचं. आमची राइट विंगर सीटच्या अगदी कडेला सरकून बसली होती आणि उजवा पाय तसाच हवेत फिरवून बघत होती. ८२ व्या मिनिटाला कोलंबियाच्या आना मारिया गुस्मानकडून स्वयंगोल (स्वतःच्याच संघावर गोल) झाला आणि स्पेन १-० ने जिंकलं.

आता मुद्द्याचं. त्याच स्पर्धेत आपल्या मुली भुवनेश्वरला खेळल्या. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. सोळा गोल खाल्ले, एकही केला नाही. जागा मिळाली ती यजमान म्हणून, पात्रता फेरी खेळून नाही. जूनमध्ये इटलीने ७-० ने हरवलं होतं, म्हणजे काय होणार हे सगळ्यांना दिसत होतं. तरी पंधरा ते सतरा वर्षांच्या मुलींना देशाच्या टीव्हीवर उभं केलं.

‘अशा स्पर्धांतून खेळाडू घडतात’ हे मला पटत नाही. कायसेडो २०१९ मध्ये, चौदाव्या वर्षी, अमेरिका दे काली क्लबच्या मोठ्यांच्या संघातून व्यावसायिक फुटबॉल खेळली होती. कोलंबियात मुलींची लीग २०१७ ला सुरू झाली, म्हणून ते शक्य झालं. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरलेली स्पेनची विकी लोपेझ पंधराव्या वर्षी तिथल्या पहिल्या डिव्हिजनमध्ये उतरली होती. नेरूळला या मुली तयार होऊनच आल्या होत्या. आपण आधी मांडव घातला आणि मग नवरी शोधायला निघालो. आधी लीग, आधी शाळाशाळांत सामने, मग वर्ल्ड कप. तुम्हाला काय वाटतं?

मृण्मयी_ऐरोली

सर, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण अजिबात सहमत नाही.

मी शाळेत खेळायचे. मला सोळाव्या वर्षी कोणी सांगितलं असतं की अमेरिकेविरुद्ध खेळ, आठ गोल खाशील, तर मी धावत गेले असते. हरणं म्हणजे अपमान, हे आपण मोठी माणसं त्यांच्या वतीने ठरवतो. आना गुस्मानने फायनलमध्ये स्वयंगोल केला ना? पुढे तिला बायर्न म्युनिकने घेतलं.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाहीत. आपली कॅप्टन अस्तम ओरांव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. तिच्या घरापर्यंत धड रस्ता नव्हता. ती कॅप्टन झाली आणि सरकारने तिच्या नावाने रस्ता करायला घेतला. लीग आधी, लीग आधी म्हणत बसलो असतो तर त्या पाड्याचं नाव तरी कोणी ऐकलं असतं का?

राइटबॅक_कळवा

मृण्मयी, तो रस्ता मी मुद्दाम लिहिला नव्हता, कारण त्यावर लिहायला लागलो की माझा तोल जातो. त्या रस्त्याच्या कामावर मजूर कोण होतं? तिचेच आईवडील. दिवसाला अडीचशे रुपये मजुरीवर. मुलगी देशाची कॅप्टन म्हणून स्टेडियमवर राष्ट्रगीताला उभी आणि आईबाप तिच्याच नावाच्या रस्त्यावर राबतायत, त्यांच्या घरी मॅच बघायला टीव्हीही आता आता आलेला. याला मी स्पर्धेचं यश म्हणू?

मृण्मयी_ऐरोली

हो, म्हणा. कारण ते राबतायत हे तुम्हाला कळव्यात बसून कळलं ते त्या स्पर्धेमुळेच. आधीही ते राबतच होते, तेव्हा तुमचा तोल गेला नव्हता.

सह्याद्री७७

दोघांचंही वाचलं. वाईट वाटून घेऊ नका, पण मैदान तेच आणि खेळ दुसरा, तो विसरताय. २ नोव्हेंबरला मी त्याच डी. वाय. पाटीलमध्ये होतो. हरमनप्रीतच्या क्रिकेट संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्ड कप उचलला. त्याआधी सेमीफायनलला जेमिमाने नाबाद १२७ करून ऑस्ट्रेलियाचे ३३८ पार केले, तेही तिथेच. माझ्या शेजारी सीवूड्सचे एक आजोबा नातीला घेऊन आले होते, दोघं रडत होते. आपल्याकडे पैसा, मैदानं आणि वेळ मोजकी आहे. मुलींना ज्या खेळात पुढे जायला वाट आहे त्यातच ती ओतावी. फुटबॉलमध्ये शंभर वर्षं मागे असताना सगळीकडे थोडं थोडं शिंपडून काय उगवणार?

पेनल्टी_बॉक्स

सह्याद्री, क्रिकेटचंच उदाहरण घेऊ. २०१७ ला लॉर्ड्सवर आपण नऊ धावांनी फायनल हरलो. महिलांची प्रीमियर लीग २०२३ ला आली. म्हणजे आधी मोठ्या मंचावर मुली दिसल्या, लोकांनी नावं लक्षात ठेवली, आणि मग लीगला पैसा मिळाला. धागाकर्ते म्हणतात त्याच्या बरोबर उलटा क्रम.

आता फुटबॉलमधलं २०२५ या एका वर्षातलं बघा. जुलैत भारताच्या महिलांनी चियांग मायला थायलंडला २-१ ने हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि पात्रता फेरीतून पहिल्यांदाच आशियाई चषक गाठला. ऑगस्टमध्ये वीस वर्षांखालील मुलींनी यांगूनमध्ये म्यानमारला १-० ने हरवून वीस वर्षांनी आशियाई चषकात जागा मिळवली. ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींनी बिश्केकला उझबेकिस्तानला २-१ ने हरवून तेच केलं, तेही पिछाडीवरून. यातली एकही जागा यजमान म्हणून मिळालेली नाही.

आणि त्या वीस वर्षांखालच्या संघाची कॅप्टन कोण? शुभांगी सिंग. २०२२ ला भुवनेश्वरला सोळा गोल खाणाऱ्या संघातलीच. त्याच संघातली नेहाही तिच्यासोबत होती. त्या मुली मोडल्या नाहीत, सर. तीन वर्षांनी त्याच मुली पात्रता फेरी जिंकून आल्या.

आई_जुईनगर

मी फुटबॉलमधली जाणकार नाही, पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

२०२२ ला माझी मुलगी आठवीत होती. शाळेने मुलांना बसने मॅचला नेलं. हातात कागदी झेंडे दिले आणि ओरडा म्हणून सांगितलं. घरी आली तेव्हा घसा बसलेला, आणि त्या बसलेल्या आवाजात ‘आई, नायजेरियाची गोलकीपर माझ्याएवढीच आहे’ हे तिने पाच वेळा सांगितलं. दुसऱ्या दिवशी शूज मागितले. घेतले. सहाशे रुपयांचे, वाशीच्या सेक्टर ९ मधून.

शाळेत मुलींची टीम नव्हती. पीटीच्या सरांनी हिला आणि आणखी चार जणींना मुलांच्या प्रॅक्टिसला उभं केलं, चांगले होते ते. दोन महिन्यांत दोघी सुटल्या, कारण कपडे बदलायला खोली नव्हती आणि पाळीच्या दिवसांत सांगायचं कोणाला हा प्रश्न. नववीत मैदानाचा एक भाग बसच्या पार्किंगला गेला. दहावीत क्लास संध्याकाळी साडेपाचला, प्रॅक्टिसही साडेपाचला. मीच सांगितलं, दहावी झाली की खेळ. कोणी म्हणालं, जिल्ह्याच्या पुढे खेळली तर बोर्डाचे क्रीडागुण मिळतात. पण जिल्ह्याला जायला आधी शाळेची टीम लागते ना?

आता अकरावीत आहे. शूज लहान झालेत, तरी टाकून देऊ देत नाही.

मृण्मयी, स्पर्धेने तिला वेड लावलं हे खरं आहे, तुझं बरोबर आहे. पण वेड लावून स्पर्धा निघून गेली. वेड लागलेल्या मुलीला घेऊन मी कुठे जायचं, हे त्या वेळी कोणीच सांगितलं नाही. त्यापेक्षा ती मॅचला गेली नसती तर बरं झालं असतं, असं मला काही रात्री वाटलं आहे.

सह्याद्री७७

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा थांबलो. वरचं माझं मत मागे घेत नाही, पण तुमच्या मुलीला ‘क्रिकेट खेळ’ असं मी तोंडावर सांगू शकणार नाही.

खारघर_फ्लडलाइट

ताईंचंच पुढे नेतो. गेल्या काही वर्षांत इथे काय काय आलं ते मोजा. २०१७ ला मुलांचा सतरा वर्षांखालील वर्ल्ड कप, त्यातली स्पेन-मालीची सेमीफायनल नेरूळला. २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत महिलांचा आशियाई चषक, त्याची फायनलही नेरूळला. चीनने दोन गोलांच्या पिछाडीवरून दक्षिण कोरियाला ३-२ ने हरवलं ती. मग ऑक्टोबरमध्ये मुलींचा वर्ल्ड कप. खारघरला सिडकोचं फुटबॉल सेंटर उभं राहिलं, गवत असं की अनवाणी चालावंसं वाटतं. पाहुण्यांसाठी सगळं झालं. मी आठवड्याला तीनदा त्या बाजूने जातो. आमच्या वस्तीतल्या मुली मात्र संध्याकाळी सोसायटीच्या दोन पार्किंगमधल्या पट्ट्यात बॉल मारतात, वॉचमन हाकलेपर्यंत. टर्फ तासाच्या भाड्यावर मिळतं, आणि भाडं भरणारे ग्रुप बहुतेक ऑफिसातल्या पुरुषांचे.

पण म्हणून स्पर्धा नको, असं मी म्हणणार नाही. मुंब्र्याचं बघा. तिथे ‘परचम’ संस्थेच्या मुली २०१२ पासून फुटबॉल खेळतात. त्यांनी सह्या गोळा केल्या, मैदान मागितलं. कोणत्याही वर्ल्ड कपने त्यांना मैदान दिलं नाही, त्यांनी भांडून घेतलं. नेरूळच्या स्पर्धेच्या वेळी आपण असं का भांडलो नाही? स्पर्धा गावात असताना पालिकेकडे आठवड्यातले चार तास मुलींसाठी राखून मागितले असते तर नाही म्हणणं त्यांना जड गेलं असतं. तेव्हा आपण सगळे तिकिटं शोधत होतो. मीसुद्धा.

राइटबॅक_कळवा

पेनल्टी बॉक्स, शुभांगीचं मान्य. ते माझ्या डोक्यात नव्हतं आणि त्यामुळे माझा मुद्दा थोडा पातळ होतो, हे कबूल करतो. पण त्या संघाची रचना बघा. एकवीस जणींत सहा झारखंडच्या, मोठा गट मणिपूरचा. महाराष्ट्राची कोण? पुण्याची काजोल डिसोझा. फायनल महाराष्ट्रात, मुली झारखंडच्या. का? तिथे मुलींसाठी सरकारी निवासी क्रीडा केंद्रं आहेत. राहणं, जेवण, शाळा, मैदान एका जागी. जुईनगरच्या ताईंच्या मुलीला क्लास की प्रॅक्टिस असं निवडायला लागलं, तसं तिथे लागत नाही. म्हणजे त्या मुलींना घडवलं त्या केंद्रांनी.

मोरोक्कोचंही तेच. तेही २०२२ ला आपल्यासारखेच पहिल्यांदा सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये आले होते, आणि आपल्याला ३-० ने हरवून गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या मोठ्या बायकांनी पहिल्याच वर्ल्ड कपमध्ये बाद फेरी गाठली. त्यांनी देशात मुलींची लीग आधी पैसे घालून उभी केली होती.

पेनल्टी_बॉक्स

मोरोक्को तुमच्या बाजूने नाही, सर. २०२२ च्या जुलैत आफ्रिकेचा महिला चषक त्यांनी स्वतःच्या घरी भरवला आणि रबातला तुडुंब गर्दीसमोर फायनल खेळले. हरले, पण देशाने बघितलं. आता २०२५ ते २०२९ अशी सलग पाच वर्षं सतरा वर्षांखालील मुलींचा वर्ल्ड कप तेच भरवणार आहेत. लीग आणि यजमानपद त्यांनी एकत्र चालवलं. ‘आधी हे, मग ते’ हा क्रम फक्त आपल्या धाग्यावर आहे.

राइटबॅक_कळवा

एकत्र चालवलं तर माझी हरकत नाही. आपण एकच चालवलं, एवढंच म्हणतोय.

मृण्मयी_ऐरोली

सर, एक विचारते. रागाने नाही. त्या रात्री तुम्ही नेरूळला नेलेल्या अकरा जणींपैकी आज किती खेळतात?

राइटबॅक_कळवा

तीन.

एक उल्हासनगरच्या कॉलेजच्या संघात आहे, गोलकीपर. एक राज्य निवड चाचणीपर्यंत गेली, गुडघा दुखावला, आता परत पळायला लागली आहे. तिसरी तीच, जी सीटवर बसून पाय फिरवत होती. ती आता रविवारी माझ्याबरोबर लहान मुलींना शिकवते. बॉल थांबवू नका, पुढे ढकला, हे तिने त्यांना इतक्या वेळा सांगितलंय की नऊ वर्षांच्या पोरी एकमेकींना तेच ओरडून सांगतात.

बाकीच्या आठ जणी दहावी-बारावीत सुटल्या. एकीचं लग्न झालं.

मृण्मयी_ऐरोली

मग त्या तिघींना विचारा, त्या रात्री नेलं नसतं तर चाललं असतं का.

राइटबॅक_कळवा

विचारतो. त्या काय म्हणतील हे मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे. पण मग त्या आठ जणींनाही विचारायला हवं. त्यातल्या पाच जणींचे नंबर आता लागत नाहीत.