वारिगलॉगवर लेख लिहायचाय, सुरुवात कुठून करू?

सागरपक्षी:
दिवाळी अंकासाठी बंद पडलेल्या एका मालवाहू विमान कंपनीवर लेख कबूल केलाय. ब्राझीलची वारिगलॉग निवडली. २००० साली वारिग या ब्राझिली विमान कंपनीचा माल विभाग वेगळा काढून ती उभी राहिली, २०१२मध्ये बंद पडली. १९७९ला टोकियोजवळच्या नारिता विमानतळाहून उडालेलं, पॅसिफिक महासागरावर हरवलेलं आणि आजवर न सापडलेलं बोइंग ७०७ विमान, इथून उघडावं असं डोक्यात आहे. पोर्तुगीज येत नाही. जाणकारांनी सल्ला द्यावा.

पुष्पक७०७:
ते विमान वारिगलॉगचं नाही, मूळ वारिगचं. फ्लाइट मालाचंच होतं, क्रमांक ९६७. सहा कर्मचारी आणि मानाबू माबे या चित्रकाराची ५३ चित्रं. कॅप्टन जिल्बेर्तो अराउजो दा सिल्वा १९७३मध्ये पॅरिसच्या ऑर्ली विमानतळाजवळ झालेल्या वारिगच्याच विमान अपघातातून वाचलेले! मला ही गोष्ट कित्येक दिवस सोडत नव्हती. पण तिनं उघडलंत तर वाचक त्या समुद्रावरच अडकेल. एक परिच्छेद द्या, तोही मध्ये.

कार्गोताई:
सहारला माल चढवण्या-उतरवण्याच्या कामात माझी वीस वर्षं गेली, म्हणून हक्कानं सांगते: २००६च्या जुलैपासून सुरू करा. कर्जात बुडालेल्या वारिगचा लिलाव झाला आणि वारिगलॉगनं ती घेतली. लेकीनं आईला विकत घेतलं! बोली २ कोटी ४० लाख डॉलरची, गुंतवणुकीची आश्वासनं निराळी. २००५च्या नव्या दिवाळखोरी कायद्यामुळे नाव आणि मार्ग नव्या मालकाकडे गेले, जुनी देणी जुन्या कंपनीकडे राहिली. हे नीट समजावून सांगा, कारण पगार थकलेल्या कामगारांचं दुःख इथेच आहे. आठच महिन्यांत ‘गोल’ या ब्राझिली विमान कंपनीनं तीच वारिग सुमारे ३२ कोटी डॉलरला घेतली.

सागरपक्षी:
ताई, मग एवढा पैसा येऊनही वारिगलॉग का बुडाली?

कार्गोताई:
मालकीचं भांडण. तेव्हाच्या कायद्यानं परदेशी भागीदाराला मतदानाचे २० टक्केच शेअर घेता येत. वारिगलॉगच्या मालक कंपनीत, वोलोमध्ये, पैसा अमेरिकन फंडाचा आणि बहुमत तिघा ब्राझिली भागीदारांचं. त्यांचा वाद कोर्टात गेला. २००९मध्ये वारिगलॉगनं देणेकऱ्यांपासून कोर्टाचं संरक्षण मागितलं.

पुष्पक७०७:
पोर्तुगीजची काळजी नको. ब्राझीलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जुनी वर्तमानपत्रं मोफत आहेत, शब्द टाकून शोधता येतात. १९७९साठी तिथेच जा. ‘वारिग’ आणि ‘माबे’ एकत्र शोधा, मजकूर भाषांतराच्या ॲपमध्ये टाका. आकडे मात्र मूळ पानावर ताडून घ्या, ॲप दशलक्ष-अब्जात घोळ घालतं.