आधी पाणी, मग हॅच

एकाने विचारलंय की अटलांटिक ओलांडून, स्पेनच्या ला गोमेरा बेटाहून कॅरिबियनमधल्या अँटिग्वापर्यंत, म्हणजे जवळपास ४,८०० किमी, दोघांनी वल्हवत जायचं तर पाणी किती न्यायचं. सगळं न्यायचं नसतंच. समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र बोटीवर असतं. सुकवलेलं जेवण भिजवायला धरून माणशी रोज आठ-दहा लिटर लागतं. यंत्र सोलरच्या बॅटरीवर चालतं, म्हणून सलग ढगाळ दिवस आले की स्वयंचलित सुकाणू बंद करून वीज पाण्यासाठी राखा. खवळलेल्या समुद्रात इनटेकमध्ये, म्हणजे यंत्र पाणी ओढतं त्या तोंडात, हवा शिरते. पंप घरघरतो पण दाब चढत नाही. लगेच मेम्ब्रेन (मीठ अडवणारा पडदा) बदलायला घेऊ नका, आधी हवा काढा. आणि मेम्ब्रेन क्लोरीनच्या नळाच्या पाण्याने अजिबात धुऊ नका, कायमची जाते. पाणी गोडं करणारा हातपंप सोबत हवाच, तोही तासाला चार-साडेचार लिटर देणारा. सर्वांत छोटा लिटरभरही देत नाही.

पण हॅचबद्दल, म्हणजे झोपायच्या केबिनच्या झडपेबद्दल, इथे कोणीच बोलत नाहीये! उलटलेली बोट केबिनमधल्या हवेमुळे सुलटी होते, हॅच बंद असेल तरच. दोन-दोन तासांच्या पाळ्या म्हणजे दिवसात बारा अदलाबदली. बाहेरच्याने मागची लाट बघून "ये" म्हणायचं, मगच आतल्याने कडी फिरवायची. सुरक्षादोरी अडकवून बाहेर आलं की लगेच बंद. उकडतं म्हणून फट ठेवणारे महाभाग असतात. १८९६ मध्ये न्यूयॉर्कहून वल्हवत ५५ दिवसांत इंग्लंडजवळची सिली बेटं गाठणाऱ्या हार्बो-सॅम्युएलसन जोडीची बोट उघडीच होती. उलटल्यावर त्यांनी ती हातांनी सरळ केली. आजच्या केबिनवाल्या जड बोटीला ते जमणार नाही.